हवालदारांची झोपमोड

"ताई, तुम्ही अगदी निर्धास्त जा. तुमच्या तळ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही," वहिनी म्हणाल्या. तळ्याला केस नसतात हे बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं, पण एकदा तोंडातून निघालेलं वाक्य मागे घेण्याची त्यांची पद्धत नव्हती.

वहिनींना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. त्यांच्या नवऱ्याला सगळे अण्णा म्हणायचे. ताई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. मधली कमरेएवढी भिंत सोडली तर शेजारीच राहायच्या, एकट्या. मुलीचे दिवस भरत आले होते म्हणून त्या थंडीभर तिच्याकडे निघाल्या होत्या. मुलीचं घर गाडीने फार लांब नव्हतं, पण रोज येऊन तळं बघावं इतकं जवळही नव्हतं.

तळं म्हणजे तरी काय, मागच्या बागेतला पलंगाएवढा खड्डा. ताईंच्या यजमानांनी तो स्वतःच्या हाताने खणला होता, कडेने दगड लावले होते, पाण्यात वेली सोडल्या होत्या. काही तांबडे मासे होते, गोगलगायी होत्या आणि एक जुना, गलेलठ्ठ बेडूक होता. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तो काठावरच्या सपाट दगडावर छाती पुढे काढून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा, म्हणून यजमानांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. यजमान गेल्यावर ताई चहाचा कप घेऊन त्या दगडाशेजारी बसू लागल्या. दिवसभरात काय काय झालं ते हवालदारांना सांगायच्या. हवालदार मधे बोलत नसत. हा गुण त्या घराण्यात दुसऱ्या कुणातच नव्हता.

"हिवाळ्यात तळ्याचं काहीही करायचं नसतं," ताई सांगत होत्या. "सगळे झोपलेले असतात. मासे तळाशी, हवालदार गाळात. खायला घालायचं नाही, गाळ काढायचा नाही, पाणी ढवळायचं नाही. आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीत वर बर्फ धरला तर गरम पाण्याचं पातेलं त्याच्यावर नुसतं टेकवून ठेवायचं. भोक पडतं, आतल्यांना हवा मिळते. ठोकून फोडायचा नाही, त्या हादऱ्याने मासे मरतात."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि अण्णाला..."

"ह्यांना मी तळ्याकडे फिरकूसुद्धा देणार नाही," वहिनी म्हणाल्या.

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वहिनींना भरून आलं. तसं ते यायला कारण होतं.

अण्णांचा सगळा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. जी गोष्ट हलत नाही ती अडकलेली आहे, आणि अडकलेली गोष्ट तिथल्या तिथे सोडवली पाहिजे, एवढी एकच विद्या त्यांना येत होती आणि ती पक्की येत होती. निवृत्त झाल्यावर घरात लिफ्ट नव्हती ही त्यांची मोठीच अडचण झाली. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ सोडवलं. दाराची घंटा सोडवली, ती तेव्हापासून आत असलेल्या माणसालाच शॉक द्यायची. आणि एक दिवस ताई घरात नसताना त्यांनी ताईंचं शिवणयंत्र सोडवलं. ते त्यानंतर फक्त उलटं शिवायचं.

ताई भावाला एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या वहिनींना म्हणाल्या, "तू घरात होतीस ना? मग अडवलं का नाहीस?" आणि बोलणं बंद केलं. भाऊ त्यांचा, यंत्र त्यांचं, स्क्रू काढणारे हात भावाचे आणि दोष भावजयीचा. बरं, अबोला तरी कसा, तर कमरेएवढ्या भिंतीपलीकडून वहिनींच्या डोक्यावरून बघत अण्णांची चौकशी करायची. ही एक गोष्ट वहिनींच्या मनाला फार लागली होती, कारण त्यांना सख्खी बहीण नव्हती आणि ताईंशिवाय पोटातलं बोलावं असं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. मध्ये बराच काळ गेला आणि या उन्हाळ्यात ताईंनी भिंतीवरून हाक मारली, "येतेस का चहाला?" वहिनी चप्पल न घालताच गेल्या होत्या. आता त्याच ताईंनी आपलं तळं त्यांच्यावर सोपवलं होतं. यात काही वावगं झालं असतं तर पुढच्या चहाची हाक यायची आशा नव्हती.

ताई गेल्या त्याच दिवशी दुपारी अण्णा भिंतीवर एक पाय टाकून उभे दिसले.

"अहो, खाली उतरा."

"अगं, मी नुसतं बघतोय. त्या पाण्यात काही हलत नाहीये."

"हलायचंच नाहीये ते. हिवाळा आहे."

"हिवाळ्यात लिफ्ट बंद पडली तर आम्ही उन्हाळ्याची वाट बघायचो का?"

वहिनींनी अण्णांची हत्यारांची पेटी तांदळाच्या डब्यामागे लपवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ओढून बसल्या. तिथून पलीकडचं तळं दिसायचं. त्या दिवसापासून भाजी निवडणं, पेपर वाचणं, फोनवर बोलणं, सगळं त्या स्टुलावर. अण्णा कधी पानं काढायची दांडी घेऊन निघायचे, कधी जुनं बाथरूमचं थर्मामीटर घेऊन. दर वेळी खिडकीतून "अहो" ऐकू यायचं आणि दर वेळी अण्णा आपण हवा खायला निघालो होतो असं दाखवायचे. आठवडाभरात वहिनींची मान एका बाजूला आखडली.

मग एक दिवस वहिनी केस धुवायला गेल्या. तेवढ्यात अण्णांनी डाव साधला. कुठून तरी त्यांनी माशांच्या पेटीचा जुना पंप पैदा केला होता. तो पाण्यात सोडायला ते काठावरून ओणवे झाले, दगड निसरडा होता, आणि त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत तळ्यात गेला. त्यांनी अशी काही आरोळी ठोकली की वहिनी डोक्याला साबण तसाच ठेवून धावत सुटल्या.

"पंप कशाला?" त्यांनी अण्णांना बाहेर ओढत विचारलं.

"पाणी फिरायला."

"पाण्याला कुठे जायचंय?"

संध्याकाळपर्यंत अण्णांना सडकून पडसं झालं. वहिनींनी त्यांना गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी दिली, दोन रजया दिल्या आणि बेडरूमचं दार ओढून घेतलं. नवरा आजारी पडल्यावर बायकोला हायसं वाटावं हे काही बरं नव्हे, पण वहिनींना वाटलं खरं. आता चार दिवस तरी मान सरळ राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. वहिनी गरम पाण्याचं पातेलं घेऊन गेल्या, ताईंनी सांगितलं होतं तसं अलगद टेकवलं, आणि छान गोल भोक पडलं. आपल्या हाताला गुण आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी आत डोकावून बघितलं.

काठालगत, उथळ पाण्यात, हवालदार पडले होते. चारी पाय पसरलेले, रंग उडालेला, डोळे मिटलेले. वहिनींनी झाडूच्या काडीने हळूच टोचून बघितलं. काही नाही. पुन्हा टोचलं. हवालदार काडीबरोबर जरा तरंगले आणि पुन्हा होते तसे पडले.

जिथे अण्णांचा पाय गेला होता ती हीच जागा.

आता इथे कुणीही म्हणेल, बेडूक हिवाळ्यात असाच पडतो, ताईंनी सांगितलं तर होतं. पण ताईंनी "झोपतात" असं सांगितलं होतं, आणि झोपलेलं माणूस कसं दिसतं याची वहिनींना पुरती कल्पना होती. अण्णा झोपले की घोरायचे, कूस बदलायचे, झोपेत कुणालातरी चौथ्या मजल्यावर अडकलेलं सोडवायचे. हे झोपणं नव्हतं. हे त्याच्या पुढचं होतं. वहिनींना ताईंचा चेहरा दिसू लागला आणि त्या चेहऱ्याने तेच जुनं वाक्य म्हटलं, तू घरात होतीस ना?

त्या पळत घरी आल्या आणि तळणाचा लांब दांड्याचा झारा घेऊन परत गेल्या.

हवालदारांना झाऱ्यावर घेऊन, वर पदर धरून, इकडेतिकडे बघत त्यांनी भिंत ओलांडली. स्वयंपाकघरात येऊन परातीत ओलं फडकं घातलं, त्यावर हवालदारांना निजवलं आणि परात ओट्यावर, गॅसपासून थोड्या अंतरावर ठेवली. कदाचित उबेने जीव येईल. न आला तर... पुढचा विचार त्यांनी केला नाही. बेडरूमचं दार बंद होतं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी हवालदारांना उघडून बघितलं असतं.

डॉक्टरांना विचारावं असं त्यांना वाटलं. जनावरांचा डॉक्टर कुठे असतो हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी नेहमीच्या दवाखान्यात फोन लावला. तो कंपाउंडरने उचलला. दवाखान्यात औषधं डॉक्टर द्यायचे आणि बातम्या कंपाउंडर द्यायचा. त्याच्याजवळ बेडकाचं नाव काढलं असतं तर संध्याकाळच्या आत ते ताईंच्या कानावर गेलं असतं. वहिनींनी फार जपून बोलायचं ठरवलं.

"डॉक्टर आहेत का?"

"बाहेर गेलेत, येतीलच. काय झालं, वहिनी?"

"काही नाही, सहज विचारते. समजा एखादे वयस्कर असतील आणि ते हलत नसतील, तर काय समजायचं?"

"कोण वयस्कर?"

"आहेत एक. घरातलेच म्हणा."

कंपाउंडर खुर्चीत सरळ झाला. "हात-पाय हलतात का?"

"नाही हो. पसरलेत नुसते."

"अंग कसं लागतंय?"

"गार. अगदी गारठून गेलंय."

"श्वास?"

"तोच तर दिसत नाही."

"कधीपासून असं?"

"थंडी पडल्यापासून असेल. माझं आज सकाळी लक्ष गेलं."

"वहिनी, एकाच घरात राहता ना?"

"ते बाहेरच पडलेले होते. मीच आत्ता आत आणलं. ओट्यावर ठेवलंय, उबेला."

"ओट्यावर? एकटीने उचललंत?"

"त्यात उचलायचं काय? मूठभर तर जीव."

कंपाउंडरचा आवाज एकदम मऊ झाला. दवाखान्यात इतक्या वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. "वहिनी, तुम्ही शांत बसा. पाणी प्या. आम्ही येतो."

"नको नको, येऊ नका. ह्यांना कळता कामा नये."

"त्यांना आता काय कळणार, वहिनी," असं म्हणून कंपाउंडरने फोन ठेवला.

वहिनी चक्रावल्या. गोळीने झोप लागली आहे हे याला कसं कळलं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला. त्यांनी परातीकडे बघितलं, हवालदारांच्या पाठीवर कोमट पाण्याचे दोन थेंब सोडले आणि जमीन पुसायला घेतली, कारण झाऱ्यातून दारापासून ओट्यापर्यंत पाणी गळलं होतं. जमीन पुसून होते न होते तोच दारावर थाप पडली.

दारात शाळेच्या बाई उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या, निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली आपल्या वर्गात आहे असं समजणाऱ्या. त्यांनी एक शब्द न बोलता वहिनींना मिठीत घेतलं.

"धीर धरा," त्या म्हणाल्या. "कुठेत अण्णा?"

"आत झोपलेत."

"हो. झोपलेत." बाईंनी डोळ्याला पदर लावला. "शांत झोपलेत."

"त्यांना उठवू नका हां बाई. उठले की माझ्या डोक्याला ताप."

बाईंनी वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवला. कंपाउंडरने त्यांना रस्त्यातच सांगून ठेवलं होतं की अण्णा गेले आणि वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्या काय वाटेल ते बोलताहेत, कुणी मनावर घेऊ नका. बाईंनी बेडरूमचं दार बोटभर उघडलं. आत अण्णा डोक्यावरून पांघरूण घेऊन उताणे पडले होते. नाक चोंदलेलं असल्यामुळे त्या दिवशी नेमके घोरतही नव्हते. बाई दार अर्धवट लोटून अंगणात गेल्या आणि त्यांनी फोन काढून ताईंना लावला. "तुम्ही लगेच निघा," एवढंच त्या म्हणाल्या. बाकीचं काम त्यांच्या हुंदक्याने केलं.

वहिनी तोवर स्वयंपाकघरात परतल्या होत्या. परातीत ओलं फडकं होतं. हवालदार नव्हते.

एका क्षणात त्यांना इतका आनंद झाला की त्या टाळी वाजवणार होत्या. जिवंत! आणि दुसऱ्या क्षणी त्यांना कळलं की ताईंचा बेडूक जिवंत आहे आणि तो घरात कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या. ओट्याखाली बघितलं, तांदळाच्या डब्यामागे बघितलं, तिथे फक्त हत्यारांची पेटी होती. रांगत रांगत त्या बैठकीत आल्या तेव्हा तिथे कंपाउंडर, बाई आणि दोन-चार शेजारी खाली मान घालून उभे होते.

"पाय उचला," वहिनी कंपाउंडरला म्हणाल्या.

"वहिनी, असं करू नका."

"अहो, पाय उचला. गेले कुठे ते बघू दे."

"गेलेले परत येत नसतात, वहिनी," बाई रडत म्हणाल्या.

"लांब नाही गेलेत. आत्ता तर परातीत होते."

हे ऐकून एका शेजाऱ्याने तोंड फिरवलं. वहिनींना यांच्या रडण्याचा अर्थ लागेना आणि लावायला वेळही नव्हता. या गल्लीत माणसाला काही हरवायचीसुद्धा सोय नाही, दारात लगेच गर्दी. त्या सोफ्याखाली डोकं घालणार इतक्यात डॉक्टर आले. ते घाईघाईने बॅग घेऊन आत शिरले आणि कुणाशी काही न बोलता थेट बेडरूमकडे वळले. त्यांचा हात कडीला लागणार तोच दार आतून उघडलं.

समोर दोन रजया आणि मफलर असा एक ऐवज उभा होता. त्यातून फक्त लाल नाक बाहेर होतं.

"माझ्या अंथरुणात कुणीतरी आहे," अण्णा म्हणाले. "गार. पोटरीवरून वर चढत होतं."

बाई होत्या तिथेच खाली बसल्या. कंपाउंडरने डॉक्टरांच्या दंडाला धरलं आणि डॉक्टरांनी बॅगेला. अण्णांनी जमलेल्या मंडळींकडे बघितलं, सगळ्यांचे डोळे ओले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांमधून हवालदार बाहेर आले. उबेने अंगात चांगलीच रग आली होती. त्यांनी जमावाची पाहणी केली, एक उडी डॉक्टरांच्या बुटावर मारली, दुसरी बाईंच्या मांडीवर, आणि बाईंच्या किंकाळीसरशी तिसरी थेट सोफ्याखाली.

"धरा त्यांना," वहिनी ओरडल्या. "ताईंचे आहेत ते."

मग जे काय झालं त्यात कुणाचाच मान राहिला नाही. डॉक्टर गुडघ्यांवर आले. कंपाउंडर "मला वाटलं अण्णा, मला वाटलं अण्णा" असं पुटपुटत पोटावर सरपटू लागला, तेव्हा कुठे वहिनींना फोनवरचं आपलं बोलणं आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. अण्णा तर एकदम ताजेतवाने झाले होते. सोफ्याखाली काहीतरी अडकलंय आणि ते सोडवायचंय, याहून चांगलं औषध त्यांना कुणी दिलं नसतं. रजया फेकून ते पालथे पडले आणि कमरेपर्यंत सोफ्याखाली शिरले.

हवालदार सोफ्याखालून कपाटामागे आणि तिथून पुन्हा सोफ्याखाली, असा अर्धा तास गेला, आणि अण्णा पुन्हा एकदा आत शिरलेले असताना दाराशी गाडी थांबली. जावयाने जेवढी पळवता आली तेवढी पळवून आणली होती. ताई आत आल्या. त्यांना दिसले ते जमिनीवर बसलेले डॉक्टर, डोळे पुसणाऱ्या बाई आणि सोफ्याखालून बाहेर आलेले भावाचे दोन निश्चल पाय.

ताईंनी ते पाय घट्ट धरले. "अण्णा, मला न सांगता गेलास रे," त्या म्हणाल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.

"ताई, पाय सोड," सोफ्याखालून आवाज आला. "तो उजवीकडे सरकतोय."

ताईंनी पाय सोडले. पाय मागे मागे आले, मग पाठ, मग मफलर. शेवटी अण्णा धुळीने भरलेले, ओंजळीत काहीतरी धरून ताईंच्या समोर उठून बसले. ओंजळीतून हवालदारांनी डोकं बाहेर काढलं आणि आपल्या मालकिणीकडे बघितलं.

ताईंनी आधी भावाच्या गालावर हात फिरवला, मग त्याच हाताने एक चापट दिली. मग त्या वहिनींकडे वळल्या.

"हा बाहेर कसा आला?"

वहिनींना खोटं बोलता आलं असतं. अण्णांवर ढकललं असतं तर शंभरातल्या शंभर जणांनी विश्वास ठेवला असता, खुद्द अण्णांनीसुद्धा. पण ताईंचे डोळे रडून लाल झाले होते, आणि वहिनींना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी आणला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गेला. तुम्ही पुन्हा बोलणं टाकाल या भीतीने माझं डोकंच चालेना. झाऱ्याने काढला आणि गॅसशेजारी ठेवला." आणि त्या रडू लागल्या.

ताईंनी बादली मागवली. तिच्यात तळ्यातलं पाणी आणि कुजकी पानं घातली, हवालदारांना आत सोडलं आणि बादली बाहेर व्हरांड्यात सावलीला ठेवली. "एकदम गार पाण्यात टाकला तर खरंच मरेल," त्या म्हणाल्या. "हळूहळू गार होऊ दे." त्या बादलीशेजारी बसून राहिल्या. बाकीची मंडळी एकेक करून सटकली. बाई जाताना "आता वहिनींना विश्रांती द्या" म्हणाल्या, म्हणजे डोक्यावरचा परिणाम त्यांनी काही मागे घेतला नव्हता.

ऊन उतरेपर्यंत हवालदार पुन्हा सुस्तावले. ताईंनी त्यांना भोकातून अलगद पाण्यात सोडलं. ते पाय पसरून, सकाळी पडले होते अगदी तसे, तळाशी जाऊन पडले.

"असाच दिसतो तो," ताई म्हणाल्या. "पहिल्या हिवाळ्यात मीसुद्धा ह्यांच्या मागे लागले होते, काढा त्याला, पुरून टाका म्हणून." मग वहिनींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वेडे, बेडकापायी मी तुझ्याशी बोलणं टाकेन का? शिवणयंत्राची गोष्ट वेगळी होती."

वहिनींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी शिवणयंत्राबद्दल वाद घातला नाही. दोघींनी तळ्याकाठी चहा घेतला. अण्णा नाक पुसत मागे उभे होते.

"अण्णा," ताईंनी विचारलं, "तू आज सकाळपासून काय केलंस?"

"काही नाही. झोपलो होतो."

"बघ. सगळ्यांत शहाणं तूच वागलास," ताई म्हणाल्या. "आता मी परत जाते. तळं तुझ्याकडे. हिला जवळ येऊ देऊ नकोस."

ताईंनी हे हसत म्हटलं होतं, पण अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीने शहाणं म्हटलं होतं. ते त्यांनी फारच मनावर घेतलं. पडसं ओसरल्यावर ते रोज सकाळी खुर्ची घेऊन तळ्याकाठी जाऊ लागले आणि मफलर गुंडाळून, हातावर हात ठेवून नुसते बसू लागले. पानाला हात नाही, पाण्याला हात नाही. एवढी वर्षं ज्यासाठी वहिनींनी जिवाचं रान केलं ते आता त्यांना खिडकीतून आयतं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडे दिवस ते दृश्य त्यांना आवडलंही.

मग एके सकाळी स्वयंपाकघराचा नळ बंद होईना. वहिनींनी फिरवला, दाबला, फडकं बांधलं. पाण्याची धार लागली ती लागलीच, भांडी तरंगायला लागली. त्यांनी खिडकीतून हाक मारली. अण्णा बसलेलेच. शेवटी हत्यारांची पेटी स्वतःच्या हाताने काढून, ओल्या पदराने, त्या भिंतीपाशी गेल्या.

"अहो, नळ गळतोय. चला लवकर."

अण्णांनी मान न वळवता एक बोट ओठांवर ठेवलं.

"सगळं स्वयंपाकघर भरलंय हो."

"भरू दे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "हिवाळ्यात कशालाही हात लावायचा नसतो."